व्यत्ययाचा रकाना

भिवंडी तालुक्यातल्या बहुतेक म्हाताऱ्या बायकांची गाणी मास्तरांनी टेप करून ठेवली होती. एवढंच सांगून मी थांबले तर तुम्हाला वाटेल, केवढा रसिक माणूस! तसं काही नव्हतं. मास्तरांना गाण्यातलं ओ की ठो कळत नसे. कोण सुरात गातंय, कोण रेकतंय, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. त्यांना हवी असे ती नोंद. नोंद झाली की त्यांच्या चेहऱ्यावर पोटभर जेवलेल्या माणसाचं समाधान दिसे.

भिवंडी शहरात, निजामपुऱ्यातल्या एका जुन्या वाचनालयात मी कारकून म्हणून लागले तेव्हा ते तिथे ग्रंथपाल होते. त्याआधी शाळेत मराठी शिकवायचे, म्हणून सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे. जातीने कोकणी मुसलमान. घरात कोकणी बोलत, बाजारात हिंदी, आणि वाचनालयात असं मराठी बोलत की समोरच्याने चपला जोडीने नीट काढून ठेवाव्यात. मी अंजूरची, आगऱ्यांची. पहिल्या दिवशी मी ‘न्हाय’ म्हणाले आणि जीभ चावली. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी खिशातून वही काढली आणि म्हणाले, “पुन्हा म्हण. सावकाश.”

त्यांच्या खिशात कायम ती वही असे आणि काखेत छत्री, बाराही महिने. “आधी नोंद, मग चहा,” हे दिवसातून चारदा तरी म्हणत. एकदा भर बाजारात त्यांनी बोंबील विकणारीला थांबवून तिची हाळी पुन्हा द्यायला लावली. ती म्हणाली, “मास्तर, बोंबील घ्याचं हाय का?” हे म्हणाले, “नाही.” ती म्हणाली, “मग कशाला वरडू?” मास्तरांनी तिचं हे उत्तरही लिहून घेतलं आणि खाली गल्लीचं नाव घातलं.

हे वेड त्यांना लागलं ते वाचनालयातल्या एका इंग्रजी गॅझेटियरमुळे. गोऱ्या साहेबाने आपल्या भागाविषयी त्यात जे काही लिहून ठेवलं होतं ते मास्तरांना पाठ होतं, आणि त्याचा भयंकर रागही होता. “साहेब आला, घोड्यावरून खाली न उतरता आपल्याला बघून गेला, आणि आता आपण कोण हे आपल्यालाच त्याच्या पुस्तकात शोधावं लागतं,” असं म्हणत. त्याला उत्तर म्हणून त्यांनी आपली नोंद आपणच करायची ठरवलं. गंमत अशी की साहेबाला शिव्या घालता घालता त्यांनी रीत मात्र साहेबाचीच उचलली. मुसलमानी गीतांची वही वेगळी, आगरी गीतांची वेगळी. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले रकाने: गायिकेचं नाव, वय, गाव, गाणं कोणाकडून शिकली, आणखी किती गाणी येतात. आणि सगळ्यात शेवटी व्यत्ययाचा रकाना. टेप चालू असताना मध्ये काहीही वाजलं, कोणी खोकलं, बोललं, तर टेपरेकॉर्डरवरचा आकडा टाकून ते त्या रकान्यात लिहायचं. माझं अक्षर बरं म्हणून हे काम माझ्याकडे आलं. “व्यत्यय: कावळा.” “व्यत्यय: सासऱ्याचा खोकला, ओला.” असली पानंच्या पानं मी भरली आहेत.

हा रकाना काय करू शकतो ते मी आमच्याच घरच्या लग्नात पाहिलं. चौऱ्याऐंशीच्या दंगलीनंतर गावातून शहरात आणि शहरातून गावात जाणं-येणं जरा जपूनच चालायचं. अशा वेळी माझ्या चुलतबहिणीच्या हळदीला मास्तर टेपरेकॉर्डर आणि छत्री घेऊन अंजूरला येऊन उभे राहिले. माझे वडील म्हणाले, “मास्तरांना आधी वाढा, लवकर जातील.” मास्तर जेवले, पण गेले नाहीत. बायकांनी हळदीची गाणी धरली आणि बाहेरून गोदामाच्या कामाचा ट्रक गेला. मास्तरांनी हात वर केला. “थांबा. पुन्हा पहिल्यापासून.” शाळा सोडून जन्म गेला तरी मास्तरची भीती जात नाही, बायकांनी गुमान पुन्हा सुरुवात केली. मग दुसरा ट्रक आला. मग कुत्रं भुंकलं. नवरीच्या अंगावरची हळद वाळून खपल्या पडायला लागल्या तेव्हा माझी काकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “मास्तर, ह्यो लगीन पोरीचा हाय का तुमच्या टेपचा?”

सगळा मांडव हसला. मास्तर गंभीरपणे माझ्याकडे वळून म्हणाले, “लिही. व्यत्यय: वधूची आई प्रश्न विचारते.” त्या दिवसापासून अंजूरमध्ये त्यांना कोणी परकं मानलं नाही.

पुढे त्यांनी ट्रक आणि कुत्र्यांवर उपाय काढला. गायिकांना रिक्षात घालून ते आपल्या घरी आणू लागले. घर निजामपुऱ्याच्या गल्लीतच, म्हणजे चारी बाजूंना लूम, कापडाचे यंत्रमाग. मग त्यांनी शुक्रवार धरला, त्या दिवशी लूम बंद. नमाजानंतर दुपारी टेप सुरू. पहिल्याच शुक्रवारी गल्लीतल्या चार बायका येऊन बसल्या आणि गाईचनात. जन्मभर लुमांच्या खटखटीवर आवाज चढवून गाणाऱ्या बायका त्या. एक जण म्हणाली, “मास्तर, असा गप्प गप्प बसून काय गावाचा? मयतीला आल्यासारखा वाटतंय.” शेवटी पाट्यावर वरवंटा आपटायला कोणाला तरी बसवावं लागलं, मग गाणी निघाली. वरवंट्याची नोंद व्यत्ययात करायची की साथीत, यावर मास्तरांनी दोन दिवस विचार केला. आणि व्यत्ययातच केली.

वरवंटा आपटायला बसल्या होत्या त्या चाची. मास्तरांची बायको. तेव्हा पन्नाशीच्या असतील. ठेंगण्या, गोऱ्या, तोंडात पान आणि डोळ्यांत मिश्किली. नवऱ्याला त्याही मास्तरच म्हणायच्या, पण त्यांच्या तोंडी तो शब्द ऐकला की मला हसू येई. निजामपुऱ्यात निकाह ठरला की लोक आधी चाचीला सांगत आणि मग काझीला. कारण चाची आल्याशिवाय बायकांचं गाणं उभं राहत नसे. मी नोंदी उतरवायला त्यांच्या घरी जायची ती खरं तर त्यांच्या स्वयंपाकघरासाठी. तांदूळ निवडता निवडता त्या गात, मी शेंगा सोलत ऐकत बसे, आणि बाहेरच्या खोलीत मास्तर दुसऱ्या कोणाच्या तरी गाण्याची कॅसेट कानाला लावून बसलेले असत.

मी एकदा धीर करून म्हटलं, “मास्तर, चाचींची गाणी कधी घ्यायची?” त्यांनी लगेच यादी काढली. गायिकांची यादी वयानुसार लावलेली होती. “मेलेल्या माणसाला फेरप्रश्न विचारता येत नाही, म्हणून म्हाताऱ्या आधी,” हा त्यांचा नियम. चाची बऱ्याच खाली होत्या, तेही नुसत्या ‘घरची’ म्हणून. चाचींनी आतून विचारलं, “माझा नंबर कवा?” मास्तर म्हणाले, “येईल. तू कुठे पळून चालली आहेस?”

म्हणजे चाची टेपवर नव्हत्याच असं नाही. घरी भरलेल्या प्रत्येक कॅसेटवर होत्या. टेप चालू असतानाच त्यांना चहाचं विचारायचं असे, लसूण हवा असे, शेजारणीला हाक मारायची असे. “मास्तर, जेवान गार झाला. उठाल का न्हाय?” मास्तर माझ्याकडे बोट करत आणि मी लिही, “व्यत्यय: घरातील स्त्री.” बायकोचं नाव वहीत घालणं त्यांना पद्धतीत बसणारं वाटलं नसावं.

एका शुक्रवारची गोष्ट मात्र मला टोचते. पडघ्याकडची एक म्हातारी आली होती, खूप वयाची, यादीत पहिली. लेकीच्या पाठवणीचं गाणं म्हणत होती आणि मध्येच अडली. पुढचं आठवेना. डोळे मिटून ओठ हलवत राहिली. आणि आतून, भांडी घासता घासता, चाचींनी पुढचं उचललं:

खाडी भरली, होडी सुटली गं,
मायनी दिलेली शिदोरी भिजली गं.

म्हातारीचे डोळे उघडले, तोंडभर हसली आणि पुढचं गाणं तिने पुरं केलं. मी ऐकतच राहिले होते. मास्तरांनी कपाळाला आठी घालून खुणावलं आणि मी लिहिलं, “व्यत्यय: घरातील स्त्री मध्येच गाते. सुमारे दोन ओळी.” माझ्या हातात पेन होतं, तोंडात जीभ होती. मास्तर, हा व्यत्यय नाही, एवढं म्हणता आलं असतं. नाही म्हटलं. याची मला अजून लाज वाटते.

त्यानंतर काही वर्षांनी मुंबईच्या एका संस्थेला मास्तरांचा शोध लागला. लोकवारसा संगणकात जतन करायचा असा काहीतरी त्यांचा प्रकल्प होता. दोन माणसं गाडी घेऊन आली, कॅसेटी बघून थक्क झाली, वह्या बघून जास्तच थक्क झाली. गाणी संगणकात भरून, मधला सगळा कचरा काढून ती स्वच्छ करणार होते, आणि कचरा कुठे आहे हे मास्तरांनी आकड्यासकट आधीच लिहून ठेवलेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो रकाना कोणीतरी वाचणार होतं, आणि तो संगणक होता. मास्तरांचा ऊर भरून आला. त्यांनी त्या माणसांना निघताना दारापर्यंत पोचवलं आणि छत्रीसुद्धा देऊ केली.

काही महिन्यांनी कॅसेटी परत आल्या. सोबत एक पत्र: सर्व सामग्री संगणकात सुरक्षित झाली आहे. मास्तरांनी ते पत्र वाचनालयात काचेखाली लावलं. आता त्यांच्यापाशी कॅसेटींचा ढीग होता आणि डोक्यात नवीन काम. काल्हेरच्या बाजूला गोदामं उठत होती, निजामपुऱ्यात एकेक लूम भंगारात जात होता. प्रत्येक गल्लीतल्या लुमांचा आवाज वेगळा असतो आणि तो जायच्या आत घ्यायला हवा, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी त्यांनी त्याच कॅसेटी घेतल्या.

मी म्हटलं, “मास्तर, यावर भरलं तर खालचं पुसेल ना?”

“खालचं आता खाली नाहीच,” ते म्हणाले. “संगणकात गेलं ते अमर झालं.”

आणि गल्लीगल्लीत उभं राहून त्यांनी तालुक्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांवर लूम चालवले. महिनाभर हेच चाललं होतं.

त्यानंतर एका दुपारी चाची गेल्या. कसलंच आजारपण नाही. तांदूळ निवडायला बसल्या होत्या, तशाच कलंडल्या. मी पोचले तेव्हा ताट तिथेच होतं, निवडलेले एका बाजूला, न निवडलेले दुसऱ्या बाजूला. मी खूप रडले. मास्तर रडले नाहीत, ते येणाऱ्या प्रत्येकाला नेमकी वेळ सांगत होते.

चाळिसाव्या दिवशी घरात बायका जमल्या. कुराणपठण झालं, जेवणं झाली, आणि बोलता बोलता चाचींच्या गाण्यांचा विषय निघाला. शेजारची एक जण म्हणाली, “मास्तर, जरा तिची टेप लावा ना. आवाज तरी ऐकू.”

मास्तर रिकामे पेले गोळा करायला लागले. ती पुन्हा म्हणाली, “सगल्या तालुक्याची टेप तुमच्याकडं. हिची न्हाय?”

मास्तर उठून आत गेले आणि यादी घेऊन आले. त्यांनी ती खरोखर त्या बायकांसमोर उलगडली आणि खालच्या एका ओळीवर बोट ठेवलं. “तिचा नंबर यायचा होता,” म्हणाले. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग पदर सारखे केले.

दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात आले तेच वह्यांचा गठ्ठा घेऊन. “घरातील स्त्री जिथे जिथे आहे तिथे तिथे खूण कर,” म्हणाले. मी खुणा केल्या. वह्या खुणांनी भरून गेल्या. चहा, लसूण, जेवण, हाका. मग आम्ही एकेक कॅसेट लावून तो तो आकडा काढला. प्रत्येक आकड्यावर लूम वाजत होते. गल्ली क्रमांक सांगणारा मास्तरांचा स्वतःचा आवाज तेवढा मध्ये मध्ये येई, अगदी ठणठणीत.

तेव्हा आम्ही मुंबईला संस्थेत गेलो. गाडीतून आलेली ती दोन माणसं आता तिथे नव्हती. संगणकावर एक पोक्त ऑपरेटर बाई बसल्या होत्या, स्वेटर घालून, कारण संगणकासाठी खोली गार ठेवलेली. मास्तरांनी गाणी ऐकायला मागितली. त्यांनी लावली. पडघ्याच्या म्हातारीचं गाणं लावलं. म्हातारी गात गेली, अडलीच नाही, सरळ पुढच्या कडव्यावर गेली. जोड कुठे आहे ते कळतसुद्धा नव्हतं. “बघा, किती स्वच्छ झालंय,” बाई अभिमानाने म्हणाल्या.

मास्तर म्हणाले, “मला घाण हवी आहे.”

बाईंना कळेना. मी सगळं सांगितलं, अगदी रकान्यापासून. पडघ्याच्या म्हातारीपर्यंत आले तेव्हा बाईंनी हात करून मला थांबवलं. “कापलेले तुकडे आहेत,” त्या म्हणाल्या. “काढून टाकायचे होते. पण साहेबांच्या सहीशिवाय काही डिलीट करता येत नाही. साहेबांची बदली झाली. नवीन साहेब म्हणतात, आधीच्यांच्या वेळचं आहे, मी सही करणार नाही. तेव्हा आहेत तसेच पडून आहेत, ‘टाकाऊ’ म्हणून.”

सरकारी खाक्याला मी आयुष्यात पुष्कळ नावं ठेवली आहेत. त्या दिवशी मात्र मी त्या न झालेल्या सहीला मनातल्या मनात हात जोडले. बाईंनी सगळे तुकडे एका कॅसेटवर भरून दिले, कारण मास्तरांकडे दुसरं काही लावायचं यंत्रच नव्हतं.

घरी येऊन आम्ही कॅसेट लावली. चार माणसांनी ऐकावं असं त्यात काही नव्हतं म्हणा. कावळा. ओला खोकला. माझी काकी, “ह्यो लगीन पोरीचा हाय का तुमच्या टेपचा?” कपबशा. आणि मध्ये मध्ये चाची. मास्तर, चहा ठेवू? मास्तर, लसूण कुठं ठेवला? मास्तर, पाऊस आलाय, छत्री आत घ्या. मास्तर, उठाल का न्हाय? बारा वर्षांच्या हाका एकामागून एक, आणि एकीलाही टेपवर उत्तर नाही. मास्तर खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. एका हाकेला ते अर्धवट उठले आणि परत बसले. मी खिडकीकडे तोंड केलं.

मग त्या दोन ओळी आल्या. भांड्यांच्या आवाजातून, लांबून, पण स्वच्छ. संपल्या तशी मास्तरांनी टेप बंद केली. वही उघडली, कोरं पान काढलं आणि पट्टी घेऊन रकाने आखायला लागले. शेवटचा रकाना आखलाच नाही.

“गायिकेचं नाव,” ते मोठ्याने म्हणाले, आणि लिहिलं, हलीमा. बारा वर्षं मी त्या घरात जात होते, ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. वय लिहिलं, गाव लिहिलं. मग पेन थांबलं.

“कोणाकडून शिकली?” ते म्हणाले. तालुक्यातल्या कुठल्याही म्हातारीचं त्यांनी झोपेत सांगितलं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुला काही बोलली होती?”

मला माहीत होतं. स्वयंपाकघरात मला सगळं माहीत झालं होतं. “माहेरी खाडीवर कोलंबी सोलायला बसायच्या,” मी म्हटलं. “शेजारच्या आगरी बायका असायच्या. त्यांच्याकडून.”

मास्तरांनी वहीचं कव्हर उलटून पाहिलं. ती मुसलमानी गीतांची वही होती. दुसरी, आगरी गीतांची, हाताशीच होती. दोन्हींकडे पाहून ते उघड्या पानावरच लिहायला लागले. “सावकाश सांग,” मला म्हणाले. गावोगावच्या म्हाताऱ्यांशी ते ज्या आवाजात बोलत त्याच आवाजात, ‘अहो’ म्हणायचं बाकी. मी सांगत गेले आणि मास्तर आपल्या बायकोची माहिती माझ्याकडून उतरवून घेत गेले. चाचींचा भाऊ होडीवर होता. पहिलं गाणं त्यांनी सातव्या वर्षी म्हटलं. लग्न होऊन आल्यावर लुमांच्या आवाजात पहिले काही महिने त्यांना गायलाच सुचत नसे. यातलं त्यांना काय काय ठाऊक होतं मला कळलं नाही. त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

“आणखी किती गाणी येत होती?” त्यांनी विचारलं.

हे मी एकदा चाचींना विचारलं होतं. त्यांनी तांदळातला खडा काढून टाकला होता आणि बाहेरच्या खोलीकडे बघून उत्तर दिलं होतं. ते सांगावं की नाही, मला कळेना.

“जे बोलली तेच सांग,” मास्तर म्हणाले. “शब्द बदलू नकोस.”

“म्हणाल्या होत्या, ‘मास्तरांनी विचारला तर सांगीन.’”

मास्तरांनी ते शब्द जसेच्या तसे रकान्यात उतरवले, खाली त्या दिवसाची तारीख घातली, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.